गल्लीतलं कुत्रं गल्लीत परत जावं म्हणून

पुणे-सातारा महामार्गावर, शिरवळच्या अलीकडे, दुभाजकाला खेटून एक तांबडी कुत्री बसली होती. मागचे दोन्ही पाय एका बाजूला पसरलेले, मान ताठ. आम्ही गाडी कडेला घेतली आणि मी दार उघडून सरळ तिच्याकडे धावले. ती बिचकली आणि पुढच्या दोन पायांवर अंग ओढत रस्त्याच्या मध्याकडे सरकली. मागच्या टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक लावला म्हणून ती वाचली.

तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं. दीड महिना आमच्या पडवीत राहून ती चालायला लागली. परत सोडायला म्हणून तिला घेऊन गेलो, तेव्हा जवळच्या ढाब्यावरच्या पोरानं तिला लांबूनच ओळखलं. म्हणाला, "ताई, हिची चार पिल्लं होती इथं मागं, लाकडांच्या ढिगात. दोन राहिली." मी तिला उचललं तेव्हा तिच्या पोटाकडे पाहिलंही नव्हतं. आचळं दुधानं भरलेली असणार. ढाबा पन्नास पावलांवर होता आणि मी तिथं एक शब्द विचारला नव्हता.

तेव्हापासून जखमी कुत्र्यासाठी कुणाचा फोन आला की मी आधी एकच विचारते: ते कुठलं आहे? रस्त्यावरची बहुतेक कुत्री कुठल्या तरी गल्लीची असतात. त्यांची ठरलेली टपरी असते, सकाळी भाकरीचा तुकडा टाकणारी आजी असते, सोबतची चार कुत्री असतात, कधी पिल्लं असतात. आपण मधले काही दिवस त्यांना सांभाळायचं असतं. ते परत कुठे जाणार, हे उचलतानाच डोक्यात असलं की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

जवळ जाण्याआधी

दोन मिनिटं नुसतं बघा. रस्त्यावर असेल तर एकाला वाहनं थांबवायला उभं करा. गाडीचे दिवे लुकलुकते ठेवा. कुत्र्याकडे समोरून चालत जाऊ नका, तिरकं जा, थोडं अलीकडेच खाली बसा, डोळ्यांत डोळे घालू नका, हळू आवाजात बोलत राहा. लांबूनच बरंच कळतं: श्वास कसा चाललाय, रक्त कुठून येतंय, कुठला पाय टेकवत नाहीये, मादी असेल तर दूध भरलंय का. एका कानाचं टोक कापलेलं किंवा कानाला खाच दिसली, तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही टोचलेली असते. ती लस अजून लागू आहे असं मात्र धरून चालू नका. दरवर्षी ती पुन्हा द्यावी लागते.

आणि रेबीजचा विचार आधी करायचा, नंतर नाही. खालचा जबडा लोंबतोय, लाळेच्या तारा लागल्यात, आवाज बदललाय, चालताना झोकांड्या जातायत, माती-लाकूड जे समोर येईल ते चावतंय किंवा कारण नसताना अंगावर येतंय, यातलं काही दिसलं तर हात लावू नका. मुलांना लांब करा, शक्य असेल तर फाटक लावून ते कुत्रं एका जागी अडेल असं बघा, आणि नगरपालिकेला किंवा पशुवैद्यकाला कळवा. डिस्टेंपरमध्ये किंवा विषबाधेतही लाळ गळते हे खरं, पण तो फरक ठरवणं आपलं काम नाही. सगळ्यात घातक चूक म्हणजे "घशात हाड अडकलंय वाटतं" म्हणून तोंडात हात घालणं. रेबीज झालेल्या कुत्र्याला गिळता येत नाही, म्हणून ते नेमकं हाड अडकल्यासारखंच दिसतं.

चावलंच, किंवा दात नुसता घासून गेला, किंवा आपल्या उघड्या जखमेला लाळ लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयात लस मिळते. कातडीत देण्याच्या पद्धतीनं ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी घेतात. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते आठवणीनं विचारा. चावलेलं कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर त्यातून रेबीज झालेला नाही असं समजतात, पण म्हणून दहा दिवस वाट बघायची नसते. लस सुरू करायची आणि कुत्र्यावर लक्ष ठेवायचं. हळद, चुना, मिरची, मंत्र, उतारा यांत गेलेला वेळ परत मिळत नाही. हा आजार एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

हे काम वारंवार करणार असाल तर आधीच डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक लस घेऊन ठेवा. मग पुढे कधी चावलं तर दोनच डोस लागतात, सीरम लागत नाही. कुत्र्यांसाठी हे काम करणाऱ्या आमच्या गटात लस न घेतलेल्या माणसाला आम्ही कुत्रं उचलू देत नाही. काही जण रागावतात. रागावू द्यावं.

तोंड बांधणं आणि उचलणं

वेदनेत असलेलं सगळ्यात प्रेमळ कुत्रंही चावतं. बँडेजची गुंडाळी, ओढणी, सुती पट्टी, काहीही चालेल, दीड हात लांब हवं. मधोमध एक सरकी गाठ घालून मोठा फास करा, लांबूनच तो नाकाडावर टाका आणि हळूच आवळा. दोन्ही टोकं जबड्याखाली नेऊन एकमेकांवरून फिरवा आणि मागे, कानांच्या खाली, एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा. ओकारी येत असेल, धाप लागली असेल, जबडा फुटला असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंड बांधू नका. तेव्हा डोक्यावर जाड चादर टाकली तरी पुरतं. कुत्रं घाम गाळून थंड होत नाही, तोंड उघडून धापा टाकून होतं. एप्रिलच्या उन्हात बांधलेलं तोंड पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका.

उचलायला बारदान, जाड चादर, पाट, प्लायवूडचा तुकडा, जे मिळेल ते. कुत्र्याला त्यावर सरकवून घ्यायचं. पुढच्या पायांखाली हात घालून लहान मुलासारखं उचललं तर मोडलेल्या मणक्याचं किंवा कमरेचं आणखी नुकसान होतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी दाबून धरा, मधेमधे उघडून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. खोल जखमेत हळद किंवा कॉफी भरू नका, डॉक्टरांना नंतर ती आधी उपसून काढावी लागते. अपघात असेल तर वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट घात करतं.

निघण्याआधी जागेचा फोटो काढा आणि शेजारच्या दुकानात विचारा: हे कुत्रं कुणाचं, कुठं असतं, पिल्लं आहेत का, खायला कोण घालतं? तो माणूस सापडला तर त्याचा नंबर घ्या. पुढच्या सगळ्या खटाटोपात या माणसाइतका उपयोगी कुणी पडत नाही.

कुठे न्यायचं

खेड्यात "गुरांचा दवाखाना" म्हणतात तो, म्हणजे जिल्हा परिषदेचा किंवा राज्य शासनाचा पशुवैद्यकीय दवाखाना. तिथं गाई-म्हशींची गर्दी असली तरी कुत्र्याची जखम धुणं, इंजेक्शन, सलाईन एवढं तरी होऊ शकतं. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात त्याहून जास्त. एक्स-रे, हाडांची शस्त्रक्रिया असं काही लागणार असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि अकोला इथंही अशी महाविद्यालयं आहेत. मुंबईत परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवा. फिरती पथकं मुख्यतः जनावरांसाठी असली, तरी जवळचा दवाखाना कुठला आणि उघडा आहे का, हे विचारता येतं.

खाजगी डॉक्टरकडे जाताना आधी फोन करा. रस्त्यावरचं कुत्रं आणतोय, अंदाजे खर्च किती, पैसे आज देऊ की टप्प्यानं, हे स्पष्ट बोला. आधी बोललं की बहुतेक डॉक्टर सांभाळून घेतात. उपचार संपल्यावर बिलावर वाद घातला की पुढच्या कुत्र्यासाठी ते दार बंद होतं.

गाडीनं उडवलेलं कुत्रं उठून पळालं म्हणजे सुखरूप, असं समजू नका. छातीचा पडदा फाटतो, मूत्राशय फुटतं, आत रक्तस्राव होतो आणि हे काही तासांनी कळतं. ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटानं दाबली की पांढरी पडून दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. फिकट पांढरी, निळसर किंवा मातकट दिसली तर एक मिनिटही घालवू नका. लघवी झाली का, केव्हा झाली, रंग कसा होता, हे लिहून ठेवा. डॉक्टर हे विचारतातच, आणि बहुतेकांना ते सांगता येत नाही.

घरातली दुखण्यावरची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलनं यकृतावर घाला येतो. सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडचं एक लंगडणारं कुत्रं असल्याच एका गोळीनं गेलं. पाय किरकोळ मुरगळला होता. मायेपोटी दिलेली गोळी होती ती.

नेहमी दिसणारी चार दुखणी

पावसाळ्यात सगळ्यात जास्त येतात ती अळ्या पडलेली कुत्री. कानामागे, मानेवर, शेपटीच्या मुळाशी, जिथं कुत्र्याची जीभ पोचत नाही तिथं माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या मांस पोखरायला लागतात. वास येतो, कुत्रं डोकं झटकत राहतं. लोक त्यावर फिनेल ओततात, रॉकेल ओततात. त्यानं अळ्या मरतात तशी जिवंत कातडीही जळते आणि चाटल्यावर विष पोटात जातं. बाजारात जखमेवर टाकायची पावडर मिळते, ती अळ्या मारते, पण तीही कीटकनाशकच आहे. कुत्र्याला चाटता येईल अशा जागी किंवा लहान पिल्लावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकू नका. खरा उपाय कंटाळवाणा आहे: केस कापायचे, चिमट्यानं एकेक अळी काढायची, जखम धुवायची आणि हेच रोज, आठवडाभर. वरून स्वच्छ दिसणाऱ्या जखमेच्या आत बोगदा असतो. एक कप्पा राहिला तर तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा. माझा अनुभव असा की इतक्या भयंकर दिसणाऱ्या या जखमा, नेटानं धुतल्या तर, थक्क करण्याइतक्या लवकर भरतात.

खरजेनं केस गेलेलं, कातडी हत्तीसारखी झालेलं कुत्रं बघून लोक दगड मारतात, किंवा गॅरेजमधलं जळकं ऑइल लावतात. ऑइल कातडीतून आणि जिभेवरून अंगात जातं. ते कधीही लावू नका. खरूज गोळ्या-इंजेक्शनांनी पूर्ण बरी होते. औषध वजनावर ठरतं आणि काही जातीच्या कुत्र्यांना नेहमीचं इंजेक्शन चालत नाही, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. फायदा असा की काही प्रकारच्या गोळ्या अन्नातून देता येतात, म्हणजे अशा कुत्र्याला पकडायचीही गरज नसते. गल्लीतला खायला घालणारा माणूसच ते करू शकतो. माणसाला त्याची खाज लागू शकते, पण ती आपल्या कातडीवर फार दिवस टिकत नाही. हातमोजे घाला, बास.

लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त येतंय, फुलकोबीसारखी गाठ दिसतेय, तर तो बहुधा कुत्र्यांमध्ये मिलनातून पसरणारा कर्करोग असतो. नाव ऐकून लोक आशा सोडतात. खरं तर हा बरा होणाऱ्यांपैकी आहे. व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. अट एकच: मधला आठवडा चुकवायचा नाही. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून ते डॉक्टरांकडेच. नसबंदी केलेल्या कुत्र्यांत हा आजार खूप कमी दिसतो.

चौथं, गोचीडताप. कुत्रं मरगळलेलं, हिरड्या फिकट, कधी नाकातून रक्त. रक्ततपासणी होते, औषधं महिनाभरही चालू शकतात. दोन दिवसांत कुत्रं टुणटुणीत झालं म्हणून गोळ्या बंद करू नका. हाच इथला सगळ्यात मोठा घोळ.

घरी ठेवायची वेळ आली तर

घरात आधीची कुत्री असतील तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळं ठेवा. वेगळी भांडी, वेगळं फडकं, त्याच्याकडे शेवटी जायचं आणि हात धुऊन बाहेर यायचं. लघवी साफ करताना हातमोजे घाला, विशेषतः पावसाळ्यात. लेप्टो हा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो. सोसायटीत राहत असाल तर चेअरमनना आधी सांगा: अमुक दिवस, अमुक जागा, लस दिलेली आहे. आधी सांगितलं की होणारा विरोध निम्म्यानं कमी होतो.

जागा लहानच द्या. हाड मोडलेल्या कुत्र्याला मोकळं अंगण म्हणजे शिक्षा, कारण ते हिंडणार आणि जुळलेलं हाड पुन्हा हलणार. आमच्या तांबडीला शस्त्रक्रिया लागलीच नाही. वळता येईल एवढ्याच कुडात सहा आठवडे बसवणं, हाच तिचा उपचार होता. कमरेची बरीच हाडं अशी जुळतात, पण ते एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगायचं.

उपाशी, हाडांचा सापळा झालेल्या कुत्र्यापुढे पातेलंभर अन्न ठेवू नका. मऊ भात आणि उकडलेलं चिकन किंवा अंडं, नाहीतर दहीभात, वाटीभर, दिवसातून चार-पाच वेळा. मोठ्या कुत्र्यांना दुधानं बऱ्याचदा हगवण लागते. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नको. शिजवलेली हाडंही नकोत, ती फुटून टोचतात.

पिल्लांची गोष्ट वेगळी. एकटं पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका, आई बहुतेक वेळा खायला गेलेली असते. लांबून दोन-तीन तास बघा. धोक्याच्या जागी असेल तर तेवढ्यातल्या तेवढ्यात आडोशाला सरकवा. रक्ताळलेली, घाण वासाची हगवण आणि ओकाऱ्या म्हणजे पार्वो असू शकतो. त्यात एका रात्रीत पिल्लू जातं आणि सलाईन वेळेवर लागलं तर वाचतं. पार्वोचे विषाणू जमिनीत महिनोन् महिने राहतात, साध्या फिनेलनं मरत नाहीत. फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुवा, आणि त्या जागी लस न झालेलं दुसरं पिल्लू बरेच महिने आणू नका. निरोगी पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. कायमचं घर शोधायचं ते मुख्यतः यांच्यासाठी, आणि जी पुन्हा रस्त्यावर जगू शकणार नाहीत अशा आंधळ्या, लुळ्या, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी. घर देताना त्या घरी स्वतः जाऊन या. नसबंदीचं वचन घ्या, आणि जमलं तर करूनच द्या.

पैसा आणि कायदा

एक वही ठेवा. कुत्र्याचं वर्णन, सापडल्याची जागा, तारीख, औषधं, खर्च. मदत मागायची तर दवाखान्याच्या बिलाचा फोटो लावा आणि पैसे शक्यतो थेट दवाखान्यात जमा करायला सांगा. तुम्ही महिन्याला किती कुत्र्यांचं करू शकता तो आकडा आधी ठरवा. आमच्या घरी तो दोन आहे. तिसऱ्यासाठी मी फोनवर वाट दाखवते, पत्ते देते, पण आणत नाही. सहा कुत्री आणून एकाचीही जखम नीट न धुणं, हे मी जवळून पाहिलं आहे.

कायद्याचं थोडक्यात. १० मार्च २०२३ पासूनच्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं यांच्या आवारांना मात्र वेगळं काढलं आहे, तिथली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत. तुम्ही बरं करत असलेलं कुत्रं एसटी स्टँडातलं असेल तर सोडण्याआधी नगरपालिकेशी बोलून घ्या. कुणी मुद्दाम कुत्र्याला मारलं, अपंग केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा नोंदवता येतो. तक्रारीसोबत डॉक्टरांचं जखमेबद्दलचं पत्र जोडा.

वाचणार नसेल तर

मणका तुटलेलं, मागचा भाग पूर्ण गेलेलं कुत्रं चाकांच्या गाड्यावर जगू शकतं, पण त्याचं मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हातानं रिकामं करावं लागतं आणि जमिनीवर घासून पडणारे व्रण रोज धुवावे लागतात. हे वर्षानुवर्षं करणारं माणूस खरंच आहे का, हे स्वतःला विचारा. असेल तर जरूर ठेवा. नसेल, आणि वेदना औषधांनी आटोक्यात येत नसतील, तर पशुवैद्यकाच्या हातून शांत मरण देणं कायद्यात बसतं आणि मला ते मायेतही बसतं. तो निर्णय डॉक्टरांसोबत, घाई न करता घ्या. आणि त्या वेळी बाहेर थांबू नका, त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसा.

परत सोडताना

भूल दिलेली असेल तेव्हाच नसबंदी आणि रेबीजची लस करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. टाके निघाले, जखम कोरडी झाली, खाणं-चालणं पूर्ववत आलं की मगच सोडायचं. सकाळी सोडा, म्हणजे दिवसभर कुणाच्या तरी नजरेसमोर राहतं. नेमक्या जागी सोडा. दोन गल्ल्या पलीकडेही नको, तिथली कुत्री त्याला फाडतील. ज्याचा नंबर घेतला होता त्या माणसाला बोलावून घ्या, उरलेल्या गोळ्या आणि त्या कधी द्यायच्या याची चिठ्ठी त्याच्या हातात द्या. गळ्यात पट्टा बांधलाच तर सैल आणि रात्री चमकणारा बांधा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं जाऊन बघा.

तांबडी ढाब्यावर उतरली तेव्हा आधी लाकडांच्या ढिगाकडे गेली. बराच वेळ हुंगत होती. दीड महिन्यात मोठी झालेली दोन पिल्लं टेबलाखालून बाहेर आली, तिच्यावर गुरगुरली, मग वास घेऊन गप्प झाली. त्या पोरानं आतून शिळी रोटी आणून तिघांच्या पुढ्यात टाकली. पुढच्या महिन्यात आम्ही त्या तिघांनाही नसबंदीसाठी नेलं. या वेळी त्यांना गाडीत चढवायला तो पोरगाच आला.